बसून ऐकलेला बँड

धाकट्या बहिणीच्या बाळंतपणासाठी शाळेतून बिनपगारी रजा काढून मी अमेरिकेला गेले आणि सहा महिने राहिले. पण पहिले दोन महिने मी जी अमेरिका पाहिली, ती जर्सी सिटीतल्या तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून. डिंकाचे लाडू, बाळाचं तेल-पाणी, बाळंतिणीचा शेक यांतून डोकं वर काढायला सवड नव्हती. शेगडीचा जरासा धूर झाला, की छताला लावलेलं यंत्र बोंब ठोकायचं आणि मग मी पदरानं त्याला वारा घालत उभी राहायची!

एका सोमवारी बहीण म्हणाली, "ताई, आज संध्याकाळी आपण दोघी बाहेर जाऊ. बाळाला तिचा बाबा सांभाळेल."

"कुठं?"

"बँड ऐकायला."

मला हसूच आलं. आम्ही मिरजेच्या बँडवाल्याच्या मुली. बँड ऐकायला इतक्या लांब कशाला यायला हवं होतं?

हडसन नदीच्या पोटातून आगगाडी पलीकडे न्यूयॉर्कात नेते. 'व्हिलेज व्हॅनगार्ड' हे भारदस्त नाव ऐकून मी एखादं भव्य नाट्यगृह डोळ्यांपुढं आणलं होतं. प्रत्यक्षात सेव्हन्थ अ‍ॅव्हेन्यूवर एक तांबडं दार आणि त्यातून तळघरात उतरणारा अरुंद जिना. मॅक्स गॉर्डन नावाच्या गृहस्थानं १९३५ मध्ये ही जागा सुरू केली. तळघराचा आकार सुपासारखा, एका टोकाला निमुळता. त्या टोकाशी वादकांची जागा. माणसं मावतात सव्वाशेच्या आतच. भिंतींवर जुन्या वादकांच्या तसबिरी. खायला काही मिळत नाही. स्वयंपाकघर आहे, पण त्यात वादक बसतात. (हे काही मला पटलं नाही.) एक पेय मात्र घ्यावंच लागतं. आम्ही संत्र्याचा रस मागवला.

जॉन कोल्ट्रेन या सॅक्सोफोनवादकानं १९६१ च्या नोव्हेंबरात इथं जे वाजवलं, त्यातल्या एका रचनेचं नावच 'इंडिया' आहे. चार वर्षांनी झालेल्या मुलाचं नाव त्यानं रविशंकरांवरून 'रवी' ठेवलं. ही माहिती बहिणीनं मला जिना उतरताना दिली. ती इकडं येऊन बरीच शहाणी झाली आहे.

सोमवारचा बँड म्हणजे सोळा जणांचा ताफा. पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन, शिवाय पियानो, बास आणि ड्रम. थॅड जोन्स आणि मेल लुईस या दोघांनी १९६६ च्या फेब्रुवारीत तो इथं उभा केला. आता ते दोघेही नाहीत, पण सोमवार चालू आहे. एवढीशी जागा, त्यात सोळा माणसं दाटीवाटीनं बसलेली. ट्रॉम्बोनची नळी पुढच्याच्या मानेला लागेल की काय, अशी मला धास्ती.

आणि मग ते वाजू लागले. पितळेचा तो पहिला एकदम उठलेला सूर छातीवर आदळला आणि मी एकदम मिरजेत गेले.

आप्पा ट्रम्पेट वाजवीत. लाल कोट, खांद्यावर जरीच्या फिती, डोक्यावर कधीच नीट न बसणारी टोपी. आमचं गाव सतार-तंबोऱ्यांचं. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पुण्यतिथीला मोठमोठे गवई दर्ग्यात येऊन गातात, माणसं रात्रभर मांडी घालून ऐकतात. आप्पाही जात आणि सगळ्यांच्या मागं, खांबाला टेकून बसत. पण त्यांचं स्वतःचं वाद्य वरातीपुढचं. ते ऐकणारी माणसं चालत असत, नाचत असत, घोड्यावरच्या नवरदेवाकडं बघत असत. आप्पांचं वाजवणं कुणी बसून ऐकल्याचं मला आठवत नाही. आम्हीसुद्धा नाही.

ते शिकले एका गोवेकर मास्तरांकडं. मास्तर तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांतून वाजवीत असत. 'ताज'मधल्या चिक चॉकलेटचं नाव ते कानाला हात लावून घेत, असं आप्पा सांगायचे. १९५१ च्या 'अलबेला'त सी. रामचंद्रांनी ज्याला बँडसकट पडद्यावर आणलं, तोच हा अल्डोण्याचा ट्रम्पेटवाला. मास्तरांकडून आप्पांना एक खोड लागली होती. लग्नसराई नसली, की ते रात्री वाद्याच्या तोंडात टॉवेल कोंबून हळू आवाजात वाजवीत बसत. ओळखीचं गाणं सुरू व्हायचं आणि मधेच ते सोडून आप्पा कुठंतरी भलतीकडं जायचे. बऱ्याच वेळानं परतायचे. आई आतून म्हणायची, "चुकलं बघा." आप्पा म्हणायचे, "हो, चुकलं." आणि वाद्य पुसून ठेवायचे.

व्हॅनगार्डमध्ये आधी सगळ्यांनी मिळून चाल वाजवली. मग एकेक जण उभा राहू लागला. मागं चालीचा साचा आवर्तनासारखा फिरतच असतो; उभा राहिलेला त्यावर स्वतःचं काही रचतो, लांब जातो आणि नेमका जागेवर येतो. तो खाली बसला, की गाणं चालू असतानाच टाळ्या पडतात. तिसऱ्यांदा ट्रम्पेटवाल्यांतला एक पिकल्या केसांचा गृहस्थ उठला. त्यानं वाद्याच्या तोंडात एक धातूची बोंडी बसवली, त्यामुळं सूर दाराआडून यावा तसा बारीक येऊ लागला. टॉवेल कोंबलेला असताना यायचा तसा. तो चाल सोडून निघाला, भटकला, परत आला. सव्वाशे माणसं श्वास रोखून बसलेली. आणि मला कळलं, की आप्पा चुकत नव्हते.

वाजवून झाल्यावर तो खाली बसला आणि वाद्याच्या वळणापाशी असलेली बारीक कळ दाबून त्यानं नळीत साठलेलं पाणी जमिनीवर सोडलं. आत फुंकलेल्या श्वासाचंच ते पाणी होतं. आप्पा आमच्या ओसरीवर तेच करीत आणि मी नाक मुरडून फरशी पुशी.

एवढंच असतं तर ठीक होतं.

१९९२ साल. मी सातवीत. माझ्या वर्गातल्या एका श्रीमंत मैत्रिणीच्या भावाचं लग्न होतं. मी नवा परकर-पोलका घालून वरातीत मैत्रिणींबरोबर मिरवत होते. पुढं बँड होता. वळणावर वरात थांबली आणि मी आप्पांपासून चार हातांवर आले. मैत्रीण म्हणाली, "अगं, तो ट्रम्पेटवाला बघ, गाल कसे फुगवतोय!" सगळ्या हसल्या. मीही हसले. आप्पांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता हाक मारतील. त्यांनी हाक मारली नाही. ओळख न दाखवता ते वळले आणि पलीकडच्या रांगेत जाऊन वाजवू लागले. घरी आल्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "जेवलीस ना तिथं? श्रीखंड चांगलं होतं म्हणे." बँडवाल्यांची पंगत शेवटी बसायची; तोवर श्रीखंड संपलं होतं.

आप्पांना जाऊन आता नऊ वर्षं झाली.

दुसरा खेळ ऐकायला आम्ही थांबलो नाही. बाळाच्या दुधाची वेळ झाली होती. रस्त्यावर आल्यावर बहीण म्हणाली, "मला लहानपणी आप्पा त्या लाल कोटात राजासारखे वाटायचे. शाळेत मी सगळ्यांना सांगायची, माझे वडील सगळ्यांत पुढं चालतात." ती माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. मग माझ्याकडं निरखून बघत तिनं विचारलं, "ताई, आत तुझे डोळे का गं भरले होते?"

"थंडी फार आहे," मी म्हटलं.

परतताना गाडीत ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. वरातीची गोष्ट मी तिला तेव्हा सांगितली नाही, नंतरही नाही. दिवाळी अंक मात्र मी तिला दर वर्षी पाठवते. हाही पाठवीन.