तीन पायांचे टेबल

कडगंची हे नाव आमच्या वाचकांपैकी अनेकांना गुरुचरित्रामुळे ठाऊक असेल. आमचे घर मात्र पिढ्यान्‌पिढ्या तुरीच्या शेतीवर चालत आले आहे. अशा घरात नेमबाजी शिरली ती १ ऑगस्ट २०२४ रोजी. त्या दिवशी कोल्हापूरकडच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे याने पॅरिस ऑलिंपिकमध्ये ५० मीटर रायफल स्पर्धेत कांस्यपदक मिळविले आणि आमच्या पुतणीने हवेच्या बंदुकीचा हट्ट धरला.

बंदूक आली. पण सहा महिने झाले तरी १० मीटरवरचे तिचे छर्रे कागदभर विखुरलेलेच. "तुझा हातच स्थिर नाही," असे आम्ही थोरलेपणाच्या अधिकाराने तिला दहादा ऐकविले. अखेर तिने बंदूक कपाटात ठेवून दिली.

शेजारचे निवृत्त सुभेदार म्हणाले, "दोष हाताचा की हत्याराचा, हे उभ्याने मारून कळायचे नाही. टेबलावर टेकवून मारू द्या." स्पर्धेत असले टेबल चालत नाही, ते केवळ परीक्षेपुरते.

आम्ही चार पायांचा आराखडा घेऊन बडिगेराकडे गेलो. त्याने कागदाकडे धड पाहिलेही नाही. "मूरु कालु साक्री," म्हणाला. तीन पाय पुरेत! आमच्या काळ्या, भेगाळ जमिनीवर चारांपैकी एक पाय नेहमी अधांतरी राहतो. तीन पाय कोठेही ठेवा, डुगडुगत नाहीत. (स्वयंपाकघरातले टेबल आम्ही वीस वर्षे पुठ्ठ्याची घडी घालून सावरीत आलो आहोत, हे त्याला सांगितले नाही.) पाय रुतू नयेत म्हणून खाली लाकडी चकत्या, छाती बसेल अशी फळीला खाच, उजवे कोपर टेकेल इतकी त्या बाजूस फळी लांब. मोटारसायकलवरून नेता यावे म्हणून पाय हातानेच सुटतील असे बोल्ट. हलके करावे तर हादरते, जड करावे तर उचलवत नाही. म्हणून शेतात गेल्यावर मधोमध दगडांची पिशवी टांगायची.

बंदुकीखाली जुन्या पँटच्या पायांत वाळू भरून शिवलेल्या पिशव्या. मात्र स्प्रिंगची बंदूक वाळूवर थेट टेकवू नये. छर्रा नळीतून सुटण्यापूर्वीच तिला हिसका बसतो आणि टणक आधारावर ती उसळते. म्हणून पिशवीवर तळहात, तळहातावर बंदूक, पकड सैल.

समोर मातीचा उंच बांध. आसपास कोणी नाही याची खात्री करून पुतणीने पाच छर्रे मारले. तीन एकत्र, दोन बोटभर खाली. पुन्हा पाच, पुन्हा तसेच दोन पुंजके. तिने मागची खाच बोटाने ढकलून पाहिली, तर ती हलत होती. एक स्क्रू सैल होता. एवढेच!

तो आवळल्यावर पाचही छर्रे आठ आण्यांच्या नाण्याखाली झाकले गेले.

"काका, हात कोणाचा हलत होता हो?" तिने विचारले.

आम्ही दगडांची पिशवी सोडवायला टेबलाखाली वाकलो आणि गाठ सुटल्यावरही जरा वेळ तेथेच राहिलो.