पण ते सोड

पनवेल

प्रिय ताईस,

पत्र पोचलं. नातीचं बारसं, आटलेलं बोअर, कुरडया असं चार पानं लिहिलंस आणि शेवटी कडेला बारीक अक्षरात, 'अधूनमधून डाग दिसतो, पण ते सोड.' कसं सोडू? तुझी पाळी जाऊन सहा वर्षं झाली.

गेल्या मंगळवारी शेजारच्या वहिनींच्या सोबतीला खारघरला गेले होते, टाटाच्या अ‍ॅक्ट्रेक या कॅन्सर केंद्रात. तिथे 2023 पासून प्रोटॉनची किरणं देतात. ती गाठीपाशी जाऊन थांबतात, पलीकडच्या भागाला धक्का कमी. रुग्णाच्याच रक्तातल्या पेशी काढून, त्या बदलून परत त्याला देण्याचा मुंबईच्या आयआयटीचा आणि टाटाचा उपचारही त्याच वर्षी मंजूर झाला. ऐकून छाती दडपते. बाकावर मांडीवर डबा घेऊन बसलेली बाई मात्र एवढंच म्हणाली, "आठ महिने अंगावर काढलं हो."

आठवतं, खूप वर्षांपूर्वी बार्शीच्या नर्गिस दत्त हॉस्पिटलची माणसं गावात आली होती? जाऊबाईंनी तुला ओढतच नेलं. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या 1,31,746 बायकांचा तो अभ्यास 2009 मध्ये छापून आला. एकदाच एचपीव्ही विषाणूची तपासणी झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरनं 34 जणी गेल्या, तपासणी न झालेल्या जवळपास तेवढ्याच गटात 64. (अभ्यासाची रीत म्हणे. मला ती अजून पचलेली नाही.) मुंबईच्या वस्त्यांत तर दहावी शिकलेल्या बायकांनी नुसतं व्हिनेगर लावून पाहिलं. मिनिटभरात दोषाचा भाग पांढरा पडतो. तेवढ्यावर 12 वर्षांत मृत्यू 31 टक्क्यांनी घटले.

तुझं आता अशा तपासणी शिबिरानं भागणार नाही. पाळी गेल्यावर डाग दिसला की थेट स्त्रीरोगतज्ज्ञ. बहुतेक वेळा कारण साधंच निघतं, पण ते त्यांनी तपासून सांगावं, तू नाही. 'तेव्हा सगळं ठीक होतं' म्हणशील, तर ते ठीक पंचवीस वर्षं जुनं झालं.

दाजींना सांगायची लाज वाटत असेल तर मी सांगते. शनिवारी रात्रीच्या एसटीनं निघते, सोमवारी सकाळी दोघी बार्शीला जाऊ. तेव्हाचा कागद ट्रंकेत सापडला तर काढून ठेव. आणि गहू इतक्यात भिजत घालू नकोस. सोमवारी चीक घाटायला आपण घरी नसू.

तुझी,
धाकटी