हट्टा ते कोल्हापूर : सामन्याची आदली रात्र

परभणीहून हिंगोलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर झिरो फाटा मागे पडला की पुढे हट्टा लागते. वसमत तालुक्यातील हे गाव. आजूबाजूच्या खेड्यांचा बाजारहाट, पोलीस ठाणे, शाळा आणि बसथांबा यांमुळे त्याला खेड्यापेक्षा थोडे अधिक आणि शहरापेक्षा बरेच कमी असे रूप आले आहे. पलीकडे जवळा बाजार, त्यापुढे औंढा नागनाथ. थोडी वाट वाकडी केली तर शिरड शहापूरचे श्री मल्लिनाथ भगवंतांचे अतिशय क्षेत्र. दर्शनाला जाणारी अनेक जैन कुटुंबे या रस्त्यावरून गेलेली असतात. मात्र हट्ट्याला थांबण्याचे कारण सहसा कोणाला पडत नाही.

आषाढात येथे थांबले तर एक दृश्य दिसते. दुकानांच्या फळ्यांवर खताची पोती, बियाण्यांच्या पिशव्या आणि ताडपत्र्या. बाहेर शेतांत हळदीचे कोंब नुकतेच वर आलेले. हा सारा मुलूख हळदीचा. वसमतच्या हळदीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि जे व्यापारी पिढ्यान्पिढ्या जाणून होते त्यावर सरकारी मोहोर उमटली. (ओली हळद कंदमूळ म्हणून ताटाबाहेर आणि तीच वाळली की घरादाराचा आधार, हा आपल्या घरांतील जुना विनोद येथे विशेष लागू पडतो.) आणि संध्याकाळी, पाऊस उघडला की, मैदानावर मुले चेंडूमागे धावताना दिसतात. हातात नव्हे, पायात चेंडू असलेली मुले.

मराठवाड्याच्या खेड्याला कबड्डी ठाऊक, खो-खो ठाऊक, कुस्ती तर रक्तातली. फुटबॉल पाहुणा. वास्तविक हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना भारतीय फुटबॉलचे एक मोठे केंद्र त्याच राज्याच्या राजधानीत होते. पण हैदराबादचे ते वैभव हैदराबाद शहरातच राहिले, गोदावरी-पूर्णेच्या काठी पोहोचले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्न ऑलिंपिकमध्ये हैदराबादच्या सय्यद अब्दुल रहीम यांनी घडविलेल्या भारतीय संघाने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे हरविले. त्या सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल डिसूझा मुंबईचा. म्हणजे ज्या राज्यातून हा प्रदेश निघाला त्याचा प्रशिक्षक आणि ज्या राज्यात आला त्याचा खेळाडू, दोघेही त्या विजयात होते. आणि येथील शाळांत मात्र तेव्हा फुटबॉल असण्याचा प्रश्नच नव्हता.

तो आला बऱ्याच वर्षांनी. २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा भारतात भरणार होती. तिच्या निमित्ताने राज्य शासनाने १५ सप्टेंबर रोजी एकाच दिवशी दहा लाख विद्यार्थ्यांनी फुटबॉल खेळावा असा उपक्रम योजला आणि राज्यभरातील शाळांना चेंडू वाटले. सरकारी उपक्रमांचे पुढे काय होते हे सर्वांना ठाऊक आहे. बऱ्याच शाळांतील चेंडू कपाटात गेले असतील, काहींतील हवा गेली असेल. परंतु चेंडू ही वस्तू अशी आहे की ती एकदा मुलांच्या पायाशी आली की परिपत्रकाची वाट पाहत नाही.

खरी अडचण मातीची आहे. हट्ट्याची जमीन काळी, कसदार, कापसाची. उन्हाळ्यात ती तडकते आणि दगडासारखी कठीण होते. चेंडू टप्पा पडताच डोक्याच्या वर उसळतो. पाऊस पडला की तीच जमीन बुटाला किलोकिलोने चिकटते. स्टडच्या खाचा दोन मिनिटांत बुजतात, धावणारा मुलगा बारक्या हत्तीसारखा पाय उचलू लागतो. शालेय फुटबॉलचा हंगाम नेमका पावसाळ्यातला. तेव्हा सरावाचे दिवस हे आकाशाकडे पाहून ठरतात. शेतकरी पावसाची वाट पाहतो आणि त्याचाच मुलगा उघडिपीची. घरात दोन विरुद्ध प्रार्थना एकाच वेळी चाललेल्या असतात.

सतरा वर्षांखालील शाळकरी मुलांसाठी देशातील सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे सुब्रतो मुखर्जी चषक. भारतीय हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी यांची ही कल्पना. १९६० साली स्पर्धा सुरू झाली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये टोकियोत त्यांचे आकस्मिक निधन झाले. दिल्लीच्या त्या मैदानापर्यंत पोहोचण्याची शिडी मात्र तालुक्यापासून लागते. तालुका, मग जिल्हा म्हणजे हिंगोली, मग लातूर विभाग, मग राज्य. राज्यात आठ विभाग. प्रत्येकाचा एक विजेता. सामने बाद पद्धतीचे. एक हरला की संपले. बँकेच्या भाषेत सांगायचे तर या खात्यात हप्ते चुकवून पुढे भरण्याची सवलत नाही.

त्यातही वयाची अट. सतरा वर्षांच्या आतील मुलाला हा खेळ उमजेपर्यंत दोन-तीनच हंगाम मिळतात, आणि त्यांतला एक हमखास दहावीचा असतो. व्यापारी घरांत खरा सामना येथे सुरू होतो. दुकानात माणूस कमी, हंगाम खत-बियाण्यांचा, उधारीची वही उघडी, क्लासची फी भरलेली; अशा वेळी मुलगा चार दिवस परगावी पाठवायचा तो कशासाठी? वडिलांचा प्रश्न अडाणीपणाचा नसतो. ज्याने आयुष्यभर प्रत्येक पोत्याचा हिशेब ठेवला तो चार दिवसांचाही ठेवणारच. क्रीडा सवलतीच्या गुणांची गोष्ट निघते, पण तेवढ्याने भागत नाही. मग शाळेतील क्रीडाशिक्षक संध्याकाळी दुकानात येऊन उभे राहतात. "शेठ, पोराला पाठवा. जबाबदारी माझी." शेठ काट्यावरची नजर न काढता विचारतात, "जेवणाचं काय?"

हा प्रश्नही साधा नव्हे. दिवस चातुर्मासाचे. सूर्यास्तापूर्वी जेवण, कांदा-लसूण-बटाटा वर्ज्य. आणि संघाची मेस म्हणजे रात्री नऊला बटाट्याची रस्सा भाजी. आई दशम्या, शेंगदाण्याची चटणी, भाजलेले चणे आणि गूळ असे चार दिवसांचे बांधून देते आणि कोणत्या पुडीतले कधी खायचे ते दोनदा सांगते. खेळाच्या दृष्टीनेही हे वाईट नाही. सकाळी सामना असलेल्या मुलाने रात्री उशिरा पोट भरून झोपण्यापेक्षा सातच्या आत जेवून घेणे केव्हाही बरे. मात्र संघातील इतर मुले जेवायला बसली असताना बाजूला बसून पाण्याशिवाय गप्पा मारणे याला पंधराव्या-सोळाव्या वर्षी काही बळ लागते. ते बळ मैदानावरही कामी येत असावे.

राज्यस्पर्धा दरवर्षी एकाच ठिकाणी नसते. पण ती कोल्हापुरात असली तर या भागातील संघाला एक विलक्षण सोय आहे. नागपूरहून कोल्हापूरला जाणारी रेल्वेगाडी हिंगोली, वसमत, पूर्णा, परभणी, परळी, लातूर, पंढरपूर, मिरज अशी जाते. २००८ साली पूर्णा-अकोला मार्ग मीटरगेजचा ब्रॉडगेज झाला, त्याचे हे फळ. त्यापूर्वी अशा प्रवासात गाडी बदलणे आणि फलाटावर पहाट काढणे अटळ होते. लातूर-कुर्डूवाडी भागात तर बार्शी लाइट रेल्वेची अरुंद गाडी होती. तिच्या वेगाच्या कथा जुन्या आडत्यांकडून ऐकाव्यात.

गाडी रोज नाही, म्हणून संघ एखादा दिवस आधीच निघतो. रात्र गाडीतच जाते. आरक्षण अर्ध्यांचेच झालेले असते. दोघे एका बाकावर, चेंडूंची जाळी पायांशी. शिक्षकांच्या पिशवीत फाइल : जन्माचे दाखले, बोनाफाईड, आधारच्या प्रती, शिक्क्यांचे प्रवेशअर्ज. एक कागद चुकला तर सामना न खेळताच घरी, हे त्यांना इतके ठाऊक असते की रात्रीतून तीनदा ते पिशवी चाचपतात. मुले परळीपर्यंत गाणी म्हणतात, मग झोपतात. उजाडताना पंढरपूरचा परिसर लागतो. हिंगोली जिल्ह्यातील नरसी हे संत नामदेवांचे गाव; तेथून पंढरीची वाट या मुलांच्या पूर्वजांनी पायी तुडवली. नातवंडे त्याच दिशेने किट घेऊन चालली आहेत.

आणि मग कोल्हापूर. फुटबॉल जेथे पाहुणा नाही, घरचा आहे असे हे महाराष्ट्रातील शहर. येथील संघांची नावे ऐकून हट्ट्याचा मुलगा चकित होतो : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ. तालमी कुस्तीच्या, आणि खेळतात फुटबॉल! हौद्यातली रग मैदानावर आणणारे हे पेठांचे संघ, आणि त्यांचे सामने भरविणारी १९४० मध्ये स्थापन झालेली कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन. राजर्षी शाहू स्टेडियममध्ये पेठांचा सामना असला की गर्दी उसळते. त्या गर्दीत कधी कधी डोकी भडकतात हेही खरे, आणि त्यात भूषण मानण्यासारखे काही नाही. परंतु ज्या शहरात आजोबा नातवाला गोलकीपरच्या चुका समजावून सांगतात, तेथील शाळकरी मुलगा पाच वर्षांचा असतानाच हट्ट्याच्या मुलाच्या दहा वर्षे पुढे गेलेला असतो. २०१७ च्या त्या जागतिक स्पर्धेत भारताकडून उतरलेला अनिकेत जाधव याच शहरातला. पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत तो घडला.

दसरा चौकातून जाताना शिक्षकांनी मुलांना थांबवून दिगंबर जैन बोर्डिंगची इमारत दाखवावी. १९०१ मध्ये, राजर्षी शाहू महाराजांच्या प्रोत्साहनाने विद्यार्थी वसतिगृहांचा जो पाया येथे घातला गेला, त्यातील हे एक. कुंभोजचे भाऊराव पाटील या बोर्डिंगचे विद्यार्थी. पुस्तकापेक्षा तालमीत अधिक रमणारा हा मुलगा पुढे कर्मवीर झाला आणि १९१९ मध्ये त्याने रयत शिक्षण संस्था काढली. खेड्यातील मुलाला शहरात चार दिवस निजायला जागा आणि पोटाला घास मिळावा, एवढ्यासाठी त्या पिढीने काय केले ते या मुलांना ठाऊक असायला हवे.

संध्याकाळी संघ मैदान पाहायला जातो. हा या प्रवासातील सर्वांत गप्प तास. खेळायला परवानगी नसते, कडेने फिरायचे. मुले वाकून गवताला हात लावतात. काळ्या मातीवर उसळणारा चेंडू येथे उसळणार नाही. गवत त्याला धरून ठेवील, पावसाने तो जड होईल, पास अर्ध्यातच थांबेल. दोन महिन्यांची सवय एका संध्याकाळीत बदलायची कशी? शिक्षक म्हणतात, "पास जोरात द्या, आणि चेंडूची वाट बघत उभं राहू नका, त्याच्याकडे जा." दुसऱ्या बाजूला प्रतिस्पर्धी संघ, सर्वांचे मोजे एका रंगाचे. हट्ट्याकडची मुले आपल्या मोज्यांकडे पाहतात.

रात्री एका वर्गखोलीत बाके सरकवून गाद्या पसरलेल्या. कौलांवर, पत्र्यावर पाऊस. बूट वर्तमानपत्राचे बोळे घालून भिंतीशी ओळीने ठेवलेले. बरोबरी झाली तर टायब्रेकर, आणि पहिला फटका कोणी मारायचा हे ठरलेले आहे; ज्याचे नाव ठरले तो डोळे मिटून पडला आहे आणि झोपलेला नाही. तो मनात डावा कोपरा ठरवतो, मग उजवा, मग पुन्हा डावा. राखीव खेळाडूची रात्र वेगळी. आपण उतरावे असे त्याला वाटते, आणि त्यासाठी कोणाला तरी दुखापत व्हावी लागेल हेही त्याला कळते; या विचाराची लाज वाटून तो कूस बदलतो. कोणीतरी हळूच विचारते, "सर, सकाळी पाऊस असला तरी होणार ना?" अंधारातून उत्तर येते, "होणार. झोपा."

हट्ट्यात त्याच सकाळी दुकान नेहमीच्या वेळी उघडते. देवदर्शन झालेले, गादी झटकलेली, उदबत्ती लावलेली. मोबाईल एरवी आतल्या खणात असतो, आज तो गल्ल्यावर उताणा ठेवला आहे. घरातून आई दोनदा दारापर्यंत येऊन काही न बोलता परत गेली. नऊ वाजून गेले. पहिले गिऱ्हाईक जवळच्या वस्तीवरचे. तूरडाळ आणि दोन किलो साखर मागते. शेठ डाळ तोलतात, पुडा बांधतात, आणि विचारतात, "साखर किती म्हणालात?"