चिमूटभर ओवा

ओवा पारखायचा तो तळहातावर. दाणा जेमतेम दोन मिलिमीटरचा, करडा, अंगावर उभ्या शिरा. नुसता हुंगला तर वास बेताचाच येतो. अंगठ्याने चुरडला की नाकात झिणझिण्या येतात. त्या शिरांमधल्या खाचांखाली तेलाच्या बारीक नळ्या असतात, त्या फुटतात आणि तेलातलं वासाचं द्रव्य, थायमॉल, मोकळं होतं. सोलापूरच्या मंगळवार पेठेत काष्ठौषधींच्या दुकानात जुनी गिऱ्हाइकं अजून दाणे चोळून बघतात आणि वास आला नाही तर तोंडावर सांगून पुढच्या दुकानात जातात. कुणी ओवा मागतो, कुणी ओमकाळु, कुणी वामु. दुकानदाराचा हात त्याच डब्याकडे जातो.

सोलापूरचं खाणं ज्वारीचं, डाळीचं, शेंगदाण्याचं. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरली की भज्यांच्या कढया तापतात. डाळीचं पीठ आणि तेल, दोन्ही पोटाला जड. म्हणून ओवा त्या पिठातच पडतो. आमच्याकडे धपाट्याच्या कणकेत ओवा राहिला तर आजी ती पुन्हा मळायला लावी. पोट गुबारलंच तर चिमूटभर ओवा, पादेलोणाचा खडा आणि वर कोमट पाणी. चावून खायचा, गिळायचा नाही, हे ती दर वेळी बजावायची. चावल्याशिवाय त्या नळ्या फुटणार कशा? तिला नळ्या ठाऊक नव्हत्या, पण काय करायचं ते अचूक ठाऊक होतं.

तिचं खरं राज्य बाळंतिणीच्या खोलीत. आत्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा बाजेखाली शेगडी होती आणि शेजारी जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेली ओव्याची पुरचुंडी. आजी तवा तापवायची, मग आच अगदी मंद करून त्यावर पुरचुंडी फिरवायची. वास उठला की लगेच उचलायची. ओवा करपला की तेल उडून जातं आणि हातात नुसता कोंडा राहतो. पुरचुंडी आधी स्वतःच्या मनगटावर टेकवायची, थोडी थांबायची, मग आत्याच्या कमरेला, ओटीपोटाला शेक. थायमॉल वितळतं ते साधारण 50 अंशांना. तेवढी ऊब ती मनगटावर ओळखायची, याचं मला आजही अप्रूप वाटतं.

काष्ठौषधींच्या त्याच दुकानात ओव्याचं फूल मिळतं. हे रोपाचं फूल नव्हे. ओव्याचं तेल काढून थंड केलं की त्यात जे पांढरे, काचेसारखे खडे धरतात, ते हे, म्हणजे जवळजवळ शुद्ध थायमॉल. हे खडे, भीमसेनी कापूर आणि पुदिन्याचं फूल एका बाटलीत घालून हलवा. तीनही घन, पण एकमेकांना भिडताच कडा ओलसर होतात आणि बघता बघता बाटलीत तेल दिसू लागतं. ना आच, ना पाण्याचा थेंब. एकत्र आल्यावर तिघांचाही वितळणबिंदू खाली येतो, म्हणून हे घडतं. पुदिन्याचं फूल तर सोलापूरच्या मे महिन्यात एकटंही वितळू पाहतं. याच मिश्रणाला पंडित ठाकूर दत्त शर्मांनी 1901 मध्ये लाहोरात ‘अमृतधारा’ म्हणून बाजारात आणलं, आणि ती बाटली घरोघरी पोचली.

हा दाणा बराच दूरही फिरला. पहिल्या महायुद्धाआधी भारतातला ओवा जहाजांनी जर्मनीला जाई. तिथे त्यातून थायमॉल काढत. आयुर्वेदाने यवानीला, म्हणजे ओव्याला, कृमिघ्न म्हटलं होतंच. 1909 नंतर अमेरिकेच्या दक्षिण भागात अंकुशकृमींविरुद्ध मोठी मोहीम निघाली, तेव्हा रोग्यांना मोठ्या मात्रेत थायमॉलच दिलं गेलं. पण त्या मोठ्या मात्रेबरोबर तेल किंवा दारू पोटात गेली तर औषध अंगात भिनून विषासारखं चढे, म्हणून डॉक्टरांना कडक पथ्य सांगावं लागे. आज सर्दीच्या मलमाच्या डबीवर ‘अजवायन के फूल’ वाचताना मला हा सगळा प्रवास आठवतो.

म्हणूनच चिमूट या मापाची मी फार कदर करते. ओव्यात थायमॉल थोडं, दाण्याच्या कोंड्यात गुंडाळलेलं. खड्यात ते एकवटलेलं. दोन्हींना ‘घरगुती’ म्हणून एकाच रांगेत बसवणं मला धोक्याचं वाटतं. अमृतधारेचा थेंब तान्ह्याच्या नाकाशी नेणारे लोक मी पाहिले आहेत आणि त्यांचा हात धरला आहे. कापूर आणि पुदिन्याचं फूल लहानग्यांच्या श्वासाला घातक ठरू शकतं. आजी बाळाच्या नाकाला काही लावत नसे. पुरचुंडी निवून कोमट झाली की त्याच्या अंथरुणापासून हातभर लांब ठेवायची, एवढंच. बाळाला ताप चढला, ते दूध ओढेना, किंवा आत्याचं पोट शेकूनही दुखतच राहिलं, तर ओव्याचा डबा फळीवर ठेवून ती आधी रिक्षा बोलवायला सांगायची.