दंडाचा क्लॉज आणि सिमेंटचा शेअर

आमच्या आयटीत एसएलए नावाचं प्रकरण असतं. सर्व्हर ठरलेल्या वेळापेक्षा जास्त बंद राहिला की कंपनीनं क्लायंटला दंड भरायचा. सस्टेनेबिलिटी-लिंक्ड बॉण्ड वाचला तेव्हा मला हेच आठवलं. कंपनी कर्ज घेते, प्रदूषण इतकं कमी करू म्हणते, नाही जमलं तर व्याज वाढतं. पैसा मात्र कुठंही वापरा! ग्रीन बॉण्डमध्ये पैसा ठरावीक कामालाच लावावा लागतो, इथं तसं बंधन नाही.

भारतातला पहिला असा डॉलर बॉण्ड अल्ट्राटेक सिमेंटनं फेब्रुवारी २०२१ मध्ये काढला. ४० कोटी डॉलर, मुदत १० वर्षं, व्याज २.८० टक्के. वचन असं की टनामागचं कार्बन उत्सर्जन २०१७ च्या तुलनेत २०३० पर्यंत २२.२ टक्के कमी करू. आपल्या विदर्भात चंद्रपूर जिल्ह्यातला आवारपूरचा कारखाना याच कंपनीचा.

अकोल्याचे माझे काका रिटायर झालेत, ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत पडून आहेत. त्यांचा फोन आला, "कारे, हे सिमेंटवाले पर्यावरणाचं करून रायले म्हंते. शेअर घेऊ काय?"

आता आली का पंचाईत! मी म्हटलं, काका, थांबा जरा, आधी हिशोब करू. समजा, दंड म्हणून व्याज चक्क एक टक्का वाढलं, तरी वर्षाला ४० लाख डॉलर, म्हणजे साधारण ३०-३५ कोटी रुपये. कंपनीचा नफा हजारो कोटींत. एवढ्यानं शेअर हलायचा नाही. आणि गंमत म्हणजे कंपनी नापास झाली की जादा व्याज बॉण्डवाल्याला, भुर्दंड शेअरवाल्याला, म्हणजे काका, तुम्हाला!

मग अशा घोषणेनंतर शेअर चढतो का? कॅरोलिन फ्लॅमर यांनी ग्रीन बॉण्डचा अभ्यास केला, तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांना घोषणेच्या आसपास शेअर थोडे वर गेलेले दिसले. पण ते ग्रीन बॉण्ड, हे वेगळं. शिवाय अल्ट्राटेकच्या वेळी मोजणार कसं? १ फेब्रुवारी २०२१ च्या बजेटला सेन्सेक्स एका दिवसात २३०० पॉइंटच्या वर उडाला होता, रस्ते-पुलांच्या खर्चानं सिमेंटवाले आधीच खुशीत. त्या गर्दीत बॉण्डचा आवाज वेगळा काढणं मला तरी जमत नाही.

वचन मोडल्यावर काय होतं त्याचं उदाहरण इटलीच्या एनेलचं. २०२३ साठी युनिटमागे १४८ ग्रॅमचं लक्ष्य होतं, प्रत्यक्षात १६० निघाले. त्या बॉण्डांचं व्याज पाव टक्क्यानं वाढलं.

सिमेंटवाल्यांना तर आणखी अवघड. निम्म्याहून जास्त कार्बन कोळशातून नाही, चुनखडी भाजताना तिच्यातूनच निघतो. त्यावर उपाय म्हणजे औष्णिक केंद्रातली राख मिसळून क्लिंकर कमी करणं. आपल्या पारसलाही अशी राख ढिगानं निघतेच की.

काकांना शेवटी एवढंच सांगितलं, शेअर घ्यायचा तर सिमेंटची मागणी आणि भाव बघून घ्या, बॉण्डची बातमी वाचून नको. आणि दरवर्षीच्या अहवालात टनामागे कार्बन किती, तो आकडा मला फोनवर वाचून दाखवा. ते म्हणाले, "आकडे बारीक असतात बे, चष्मा बदलाव लागते."