दोन गाड्यांच्या मधले हैदराबाद

आमच्या धर्मग्रामातील एक तरुण मोठ्या प्रवासी जहाजावर स्वयंपाकी आहे. रजेवर घरी आला की तो आम्हांला देशोदेशींच्या बंदरांच्या गोष्टी सांगतो. गेल्या खेपेस त्याने सांगितलेली एक गोष्ट आमच्या मनात घर करून राहिली. जहाज बंदराला लागले की प्रवाशांना गाव पाहण्यासाठी काही तास मिळतात. कोणी जहाजाच्या कंपनीने आखलेल्या सहलीस जातात, तर कोणी आपापली गाडी करून फिरतात. कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज बहुधा थांबते. आपापले गेलेल्यांसाठी मात्र ते थांबत नाही. धक्क्यावर धापा टाकीत आलेले नवराबायको आणि चार हात दूर गेलेले जहाज, हा देखावा त्याने आपल्या डोळ्यांनी पाहिला होता.

“फादर, लोक चुकतात कुठे ठाऊक आहे?” तो म्हणाला, “जहाज आठला पोचते म्हणजे आठला आपण गावात, असे त्यांना वाटते. पण धक्क्याला लागल्यावर बंदराचे अधिकारी कागदपत्रे पाहतात, मग शिडी लागते, मग रांग. आणि जहाज पाचला सुटणार म्हणजे निदान अर्धा तास आधी परत यावे लागते. शिवाय कधीकधी जहाजाचे घड्याळ एक वेळ दाखवते आणि गावाचे दुसरी!”

त्या वेळी आम्ही हसलो. पुढे फेब्रुवारी महिन्यात, जेथे समुद्र नाही अशा हैदराबाद शहरात, हाच धडा आम्हांला गिरवावा लागला.

विजयवाड्याजवळील गुणदळा येथे लूर्द मातेचे प्रसिद्ध तीर्थक्षेत्र आहे. तेथे जाण्यास आमच्या धर्मग्रामातील तेवीस माणसे निघाली होती. कल्याणहून निघालेली गाडी सकाळी सहाला सिकंदराबादला पोचणार, आणि पुढची गाडी संध्याकाळी सव्वासहाला. म्हणजे मध्ये बारा तास! बारा तासांत काय पाहता येणार नाही, असे म्हणत आम्ही मोठ्या उत्साहाने कागदावर यादी केली : सिकंदराबादच्या बसिलिकेत मिस्सा, गोवळकोंड्याचा किल्ला, सालारजंग संग्रहालय, चारमिनार आणि लाड बाजार. संग्रहालय शुक्रवारी बंद असते, हे शाळेच्या मास्तरांनी वेळीच सांगितल्यामुळे प्रवासच एक दिवस अलीकडे आणून गुरुवार गाठला. आपण फार दूरदृष्टीचे आहोत, असे आम्हांला तेव्हा वाटले.

यादीच्या शेवटी आम्ही आणखी एक ओळ लिहिली होती : “वेळ उरल्यास कबरस्तान.” ही ओळ आमच्या सोबतच्या एका वृद्ध मावशींसाठी होती. त्यांची धाकटी बहीण धर्मभगिनी होऊन हैदराबादकडे गेली, तेथेच रुग्णांची सेवा करीत वारली आणि तेथेच पुरली गेली. त्या वेळी मावशींचे यजमान अंथरुणाला खिळलेले होते, म्हणून त्यांना जाता आले नाही. त्या गोष्टीला तीस वर्षे होऊन गेली होती. बहिणीची कबर त्यांनी कधी पाहिली नव्हती. नाव नोंदविताना त्यांनी एवढेच विचारले होते, “फादर, जमेल ना?” आणि आम्ही “पाहू” म्हटले होते.

गाडी सहाऐवजी सव्वानऊला पोचली. सव्वातीन तास वाटेतच गेले. तरीही नऊ तास हाती आहेत, अशी आम्ही स्वतःची समजूत घातली. मग सामान ठेवण्यासाठी क्लोकरूमच्या रांगेत उभे राहिलो. तेथे कुलूप नसलेले सामान घेत नाहीत. आमच्यातील निम्म्यांच्या पिशव्यांना कुलूप नव्हते. एक जण कुलपे आणावयास धावला. तोंड धुणे, चहा, माणसांची मोजदाद, हे सर्व आटोपून स्टेशनबाहेर पडलो तेव्हा सव्वादहा झाले होते. तोच गाडीवाला म्हणाला, “सामान गाडीतच ठेवायचे होते, साहेब. तुमची संध्याकाळची गाडी इथून नाही, चर्लापल्लीहून आहे. आता सामानासाठी पुन्हा इथे यावे लागेल!”

त्याचे म्हणणे अक्षरशः खरे होते. हैदराबादला एक स्टेशन नव्हे, अनेक आहेत. निजामाच्या रेल्वेने वाडीपासून लोहमार्ग आणला तेव्हाचे, सन १८७४ चे, सिकंदराबाद. शहराच्या मध्यातील नामपल्ली. जुन्या शहराला जवळचे काचीगुडा. आणि पूर्वेच्या टोकाला सन २०२५ मध्ये खुले झालेले चर्लापल्लीचे नवे टर्मिनल. तिकिटावर ते नाव स्पष्ट छापलेले होते. आम्ही वेळ वाचली होती, स्टेशन वाचले नव्हते.

गोवळकोंडा पश्चिमेला, आणि आम्हांला जावयाचे पूर्वेला. किल्ला चढून उतरण्यासच दोन तास लागतात. ज्या फतेह दरवाज्याखाली टाळी वाजविली असता वर बालाहिसारपर्यंत ऐकू जाते, आणि जो किल्ला सन १६८७ मध्ये औरंगजेबाला आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर मिळाला, तो यादीतून खोडताना मुलांचे चेहरे उतरले. पण खोडावा लागला. बसिलिकेतील मिस्साही चुकली होती.

मग हुसेनसागराच्या बाजूने आम्ही जुन्या शहराकडे निघालो. इब्राहीम कुली कुतुबशहाच्या काळी, सोळाव्या शतकात बांधलेला हा तलाव. त्याच्या मधोमध एकाच पाषाणातून घडविलेली भगवान बुद्धांची प्रचंड मूर्ती उभी आहे. सन १९९० मध्ये नेताना ती पाण्यात बुडाली आणि काही माणसांचे प्राण गेले. सन १९९२ मध्ये ती वर काढून बसविण्यात आली. हे सर्व आम्ही धावत्या गाडीतून सांगितले आणि मंडळींनी धावत्या गाडीतून ऐकले.

सालारजंग संग्रहालय म्हणजे एका माणसाच्या छंदाचे महासागर होय. हैदराबादचे दिवाण राहिलेले मीर युसुफ अली खान, तिसरे सालारजंग, हे सन १९४९ मध्ये निवर्तले. त्यांनी व त्यांच्या पूर्वजांनी जमविलेल्या वस्तूंचे संग्रहालय पंडित नेहरूंच्या हस्ते सन १९५१ मध्ये उघडले गेले आणि सन १९६८ मध्ये मूसा नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. तेथे बेंझोनी या इटालियन शिल्पकाराची संगमरवरी रिबेका पाहून आमच्या बाया थबकल्या. इसहाकाला भेटावयास निघालेल्या त्या वधूच्या मुखावर दगडाचाच बुरखा आहे, पण त्यातून तिचे नाक, ओठ, मिटले डोळे सर्व दिसते. “दगड इतका पातळ कसा झाला?” असे एकीने विचारले. आमच्यापाशी उत्तर नव्हते.

बाराला पाच कमी असताना सर्व जण चौकातील संगीत घड्याळासमोर जमले. तेथे लोक नाटकाला बसावे तसे बसतात. घड्याळातील एक लहानसा लोहार क्षणाक्षणाला हातोडा मारीत असतो. तास भरला की एक लहानसा माणूस दार उघडून बाहेर येतो, घंटेवर तितके टोले देतो आणि आत जातो. बाराला बारा टोले पडावयाचे, म्हणून गर्दी फार. मुले मोठ्याने मोजू लागली. आमच्या शेजारी बसलेल्या मावशींनी घड्याळाकडे पाहिलेच नाही. बारावा टोला पडल्यावर त्यांनी हलकेच विचारले, “फादर, आता आपल्यापाशी किती तास राहिले?”

त्या एका प्रश्नाने आमची यादी आमच्यापुढे उलटी होऊन उभी राहिली. आम्ही सकाळपासून पुढे मोजत होतो; त्या मागून मोजत होत्या. आम्ही तेथेच कागद काढला. गाडी सव्वासहाला, फलाटावर पावणेसहाला हवे. सिकंदराबादहून चर्लापल्लीस, संध्याकाळची वर्दळ धरून, एक तास. सामान सोडविण्यास अर्धा तास. म्हणजे सव्वाचारला सिकंदराबाद. त्यातून जेवण वजा केले, तर चारमिनार व लाड बाजार पूर्ण, किंवा चारमिनार उभ्या उभ्या आणि कबरस्तान. दोन्ही नाही.

मंडळींना हे सांगणे आम्हांला जड गेले. लाड बाजाराच्या लाखेच्या बांगड्यांसाठी कित्येकींनी पैसे साठविले होते. त्यांतील एक नववीतील मुलगी आधी उठली आणि म्हणाली, “बांगड्या काय, वसईलाही मिळतात. मावशींची बहीण तिथे मिळणार नाही.” त्यावर कोणी काही बोलले नाही.

चारमिनार आम्ही वीस मिनिटे पाहिला. सन १५९१ मध्ये मुहम्मद कुली कुतुबशहाने आपल्या नव्या शहराच्या मधोमध ही वास्तू उभारली. चार कमानी चार दिशांना उघडतात आणि चार मिनार आकाशात चढतात. वर गेलो नाही. खालून मान वर करून पाहिले आणि निघालो.

कबरस्तानात पोचलो तेव्हा तीन वाजले होते. धर्मभगिनींच्या कबरी एका ओळीत, सर्व एकसारख्या, केवळ नाव व दोन तारखा. कित्येक अक्षरे पुसट झालेली. माळ्याच्या मदतीने शोधण्यातच पाव तास गेला. मावशींना वाचता येत नाही. नाव आम्ही वाचून दाखविले. त्यांनी पदराने दगड पुसला. कनवटीची लहान पुडी सोडून त्यांनी त्यातील सुकलेले सोनचाफे कबरीवर ठेवले. माहेरच्या वाडीतील झाडाची ती फुले होती. “हिने लावलेलं झाड आहे,” त्या म्हणाल्या. आम्ही मृतांसाठी प्रार्थना म्हटली. नंतर त्या आपण होऊनच उठल्या आणि म्हणाल्या, “चला, गाडी चुकेल.”

सामान घेऊन चर्लापल्लीच्या फलाटावर पोचलो तेव्हा सहाला वीस मिनिटे होती. आणि गाडी? ती चाळीस मिनिटे उशिरा असल्याचे समजले! “तेवढ्यात बांगड्या झाल्या असत्या,” असे ती नववीतील मुलगी म्हणाली, आणि सगळ्यांत आधी मावशी हसल्या.

वाचकहो, अशा मधल्या थांब्यात गाव पाहावयाचे झाल्यास आमच्या चुकांचा उपयोग करून घ्या. पोचण्याच्या वेळेत निदान एक तास मिळवा. तिकिटावर वेळेबरोबर स्टेशनचे नावही वाचा. पिशव्यांना कुलूप असू द्या. दिवसभराची गाडी भरवशाची असल्यास सामान तिच्यातच असू द्या. कोणते स्थळ कोणत्या वारी बंद ते आधी विचारा. लांबचे आधी, सुटण्याच्या स्टेशनाच्या वाटेवरचे शेवटी. हिशेब नेहमी सुटण्याच्या वेळेपासून मागे करा. आणि यादी करताना प्रत्येकाला विचारा, की तुम्ही कशासाठी निघाला आहात? त्याचे उत्तर यादीत सर्वांत वर लिहा. “वेळ उरल्यास” असे ज्याच्यापुढे लिहिले, त्याला वेळ उरत नाही, हे त्या दिवशी आम्ही शिकलो.

गोवळकोंडा राहिला आहे. तो चारशे वर्षांहून अधिक काळ तेथे उभा आहे. आणखी काही वर्षे आमची वाट पाहील.