आंब्याची गाडी: देवगड ते तुर्भे आणि परत

शुक्रवार. देवगड, जामसंडे, नांदगाव तिठा

आंब्याची गाडी संध्याकाळी सुटते असं गावात सगळे म्हणतात. ड्रायव्हरचा दिवस मात्र दुपारी दोनलाच सुरू झालेला असतो. आमचं आयशर तेव्हापासून पडेल, वाडा, टेंबवली असं बागायतदारांच्या दारोदार फिरत होतं. पेट्या चढवायला माणसं असतात, पण थर कसा लावायचा, चार डझनी कुठं, पाच डझनी कुठं, हवा खेळायला फट किती सोडायची, हे सगळं ड्रायव्हरच बघतो. दबलेल्या पेटीचा जाब वाशीला त्यालाच द्यावा लागतो ना! ताडपत्रीवर शेवटचा दोर आवळला तेव्हा सहा वाजले होते. माणूस तोवर चार तास राबला होता, आणि गाडी ‘आत्ता’ सुटत होती.

या गाडीत बसायचं माझ्या डोक्यात आलं ते एका फोटोमुळं. ड्रायव्हरचा मावसभाऊ पेडण्याचा. आजोबा पोर्तुगीज गोव्यात जन्मलेले, त्या नात्यानं घरात पोर्तुगीज पासपोर्ट आला आणि तो गडी आता जर्मनी, बेल्जियम, फ्रान्स असा चाळीस टनी ट्रक हाकतो. त्यानं आपल्या केबिनमधल्या एका डबीचा फोटो पाठवला होता. आकार गाडीतल्या टेपएवढा, कार्डं घालायला दोन फटी, छोटा पडदा. हा डिजिटल टॅकोग्राफ. ड्रायव्हरनं आपलं कार्ड आत सारलं की त्या मिनिटापासून त्याचा दिवस लिहिला जातो, तोही चार खुणांत. स्टिअरिंगचं चाक म्हणजे गाडी चालू. दोन आडवे-तिडवे हातोडे म्हणजे दुसरं काम. तिरकी रेघ मारलेला चौकोन म्हणजे हजर आहे, वाट बघतोय. आणि पलंग म्हणजे विश्रांती. युरोपीय संघात १ मे २००६ पासून नव्या मोठ्या मालगाड्यांना हे यंत्र सक्तीचं झालं. त्याआधी गोल कागदी चकतीवर सुई रेघा ओढायची, आणि त्या रेघांशी खेळ करणारे उस्तादही होते म्हणतात.

आपल्या आयशरात असलं काही नाही. म्हणून नांदगाव तिठ्यावर महामार्गाला लागता लागता मी वहीचं एक पान आखलं, चार खुणांचे चार रकाने केले आणि क्लीनरच्या हाती दिलं. एक रात्र आपणच टॅकोग्राफ व्हायचं. पोराला गंमत वाटली. ड्रायव्हर रस्त्यावरची नजर न काढता म्हणाला, “लिव, लिव. पण मालकाक दाखव नको.”

शनिवार. हातखंबा, माणगाव, वाशी

पान भरलं. दुपारचे चार तास: बरेचसे हातोडे, मधूनमधून स्टिअरिंग. सहा ते नऊ चाळीस स्टिअरिंग, हातखंब्यापर्यंत. चाळीस मिनिटं जेवण. दहा वीस ते दोन पस्तीस पुन्हा स्टिअरिंग: संगमेश्वर, चिपळूण, परशुराम घाट, कशेडीचा बोगदा, महाड, माणगाव. वीस मिनिटं चहा. मग पेण, पनवेल करत पाच वीसला वाशी. महामार्गावरचंच चालवणं दहा तास वीस मिनिटं झालं.

युरोपातला नियम या पानावर ठेवून बघितला. तिथं दिवसाला नऊ तास चालवायची मुभा, आठवड्यातून दोनदा दहा. सलग साडेचार तासांनंतर पंचेचाळीस मिनिटांची सुट्टी. ती तोडून घ्यायची तर आधी किमान पंधरा आणि नंतर किमान तीस, याच क्रमानं. आमचं जेवण चाळीस मिनिटांचं, म्हणजे पाच मिनिटांनी हुकलं. यंत्रानं ते पहिल्या हप्त्यात जमा केलं असतं आणि पुढं पन्नास मिनिटांत, म्हणजे संगमेश्वराच्या आसपास, अर्धा तास थांबायला लावलं असतं. आम्ही थेट माणगावला थांबलो, तेही वीसच मिनिटं. यंत्राच्या हिशेबात ती सुट्टीच नव्हे.

हे सांगितल्यावर ड्रायव्हर म्हणाला, “आंबो कोणासाठी थांबना नाय.” खरंच आहे. एप्रिलच्या उकाड्यात बंद हौद्यात आंबा तापतो, आणि उशिरा पोचलेल्या गाडीला दर पडतो. पण ज्या गोष्टीनं त्याचं खरं डोकं उठतं ती रस्त्यावर नव्हतीच. ती बाजारात होती.

पाच वीसला गाडी रांगेत लागली आणि त्यानं सीटवर अंग टाकलं. झोप लागली न लागली तोच काचेवर थाप. “ए देवगड, गाडी पुढं घे!” दहा फूट पुढं. परत आडवा. परत थाप. मग पावती, मग गाळ्यासमोर गाडी लावणं, मग पेट्या मोजून घेताना उभं राहणं. सकाळी नऊपर्यंत हेच. क्लीनरनं तोवर माझ्या पानावर आपल्या मनानं पाचवा रकाना ओढला होता आणि वर लिहिलं होतं: ‘कोणी उठवला’.

मला तो रकाना बाकीच्या चारांहून शहाणा वाटला. मावसभावाच्या गाडीत पलंगाची खूण चालू असताना चाक हललं की यंत्र आपसूक स्टिअरिंग लिहितं आणि रात्रीची अकरा तासांची विश्रांती तिथंच मोडते. मग गोदामवाला ‘जरा पुढं घे’ म्हणाला तर ड्रायव्हर पडद्याकडं बोट दाखवतो: मोडू? मोडली तर उद्या सकाळी तुझा माल निघणार नाही. माणूस मालकाला नाही म्हणू शकत नाही तिथं डबी म्हणते. टॅकोग्राफकडं ड्रायव्हरवर पाळत ठेवणारं यंत्र म्हणून बघायची सवय आहे, आणि ते तसं आहेही. पण या थापेपुरतं ते ड्रायव्हरच्या बाजूचं आहे.

आमच्या शेजारीच माथाडी पेट्या उतरवत होते. त्यांच्यामागं १९६९ चा माथाडी कायदा आहे, अण्णासाहेब पाटलांनी उभी केलेली चळवळ आहे, मंडळ आहे, नोंदणी आहे, भविष्यनिर्वाह निधी आहे. कामाची वेळ संपली की माणूस घरी जातो आणि कुणी हाक मारत नाही. तीच पेटी साडेचारशे किलोमीटर ओढून आणणाऱ्याचं नाव बाजारातल्या कुठल्याच वहीत नाही. तिथं असतो गाडीचा नंबर.

रविवार. तुर्भे

परतीचा माल उद्या मिळणार, म्हणून गाडी ट्रकांच्या तळावर. सुट्टी म्हणायची ती हीच. ड्रायव्हरनं बादलीभर पाण्यात कपडे धुतले, आरशाच्या दांड्यावर वाळत टाकले, स्टोव्हवर कुळथाची पिठी केली. दुपारी केबिनमध्ये बसवत नव्हतं. १ ऑक्टोबर २०२५ नंतर तयार होणाऱ्या मध्यम आणि अवजड मालगाड्यांना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, पण आमचं आयशर त्याच्या कितीतरी आधीचं. शेवटी तो गाडीखाली, सावलीत, पोतं अंथरून झोपला.

साडेचारला मावसभावाचा व्हिडिओ कॉल आला. त्याच्याकडं दुपारचा एक. मागं पांढरी चादर, खिडकीला पडदा. सहा दिवस झाले की सलग पंचेचाळीस तासांची साप्ताहिक विश्रांती, आणि ही पुरी विश्रांती केबिनमध्ये घ्यायची नाही असा तिथला नियम. युरोपच्या न्यायालयानं २०१७ च्या डिसेंबरात तसा निकाल दिला आणि २०२० मध्ये तो कायद्यात पक्का झाला. खोलीचा खर्च कंपनीचा. आमचा ड्रायव्हर बघतच राहिला. “तू थंय झोपतंस तेचे पण पैशे मालक भरता?”

मावसभाऊ खूश होता असं मात्र नाही. हॉटेल कारखान्यांच्या वस्तीत, जवळ दुकान नाही, ओळखीचं कुणी नाही. केबिनमध्ये निदान आपली किटली असते, आपलं अंथरूण असतं. शिवाय कितीतरी गाड्या अजूनही रस्त्याकडेच्या तळांवरच शनिवार-रविवार काढतात, कारण टॅकोग्राफला पलंगाची खूण कळते, पलंग हॉटेलातला की केबिनमधला ते कळत नाही. पलंग दाबून ठेवून माल उतरवणारेही आहेत. यंत्राला चाक कळतं, माणसाचे हात कळत नाहीत.

मग त्यानं आपली जुनी फजिती सांगितली. नव्या नोकरीत, नव्या गाडीत, रात्री इंजिन बंद करून तो झोपला. त्या यंत्राची ठेवण अशी की चावी काढली तरी खूण हातोड्यांवरच राहायची. सकाळी बघतो तर अख्खी रात्र ‘काम’ म्हणून लिहिलेली! छापील चिठ्ठी काढून मागं कारण लिहावं लागलं. आता तो चावी काढण्याआधी पलंग दाबतो आणि पडदा दोनदा बघतो. आठवड्याच्या सुट्टीत कार्ड काढून खिशात ठेवलं तर सोमवारी ते परत घालताना यंत्र विचारतं, मधल्या वेळात काय केलंस? तिथं हातानं पलंग भरायचा, रिकामी जागा सोडायची नाही. आणि चिठ्ठीवरची वेळ जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे सध्या त्याच्या मनगटावरच्या घड्याळाच्या दोन तास मागं. पहिल्या महिन्यात त्याचं डोकं फिरलं होतं.

एक गोष्ट मला फार आवडली. जर्मनीत रविवारी अवजड गाड्यांना रस्ता बंद असतो, पण ताजी फळं, भाज्या, दूध यांना सूट. म्हणजे तिथंही आंबो थांबना नाय हे मान्य आहे. ड्रायव्हरच्या पंचेचाळीस तासांना मात्र फळामुळं सूट मिळत नाही. दुसरा ड्रायव्हर पाठवा.

सोमवार. तुर्भे ते कोकण

कांदे-बटाटे भरून दुपारी निघालो. माणगावच्या आधी नेहमीची रांग, तिचं वर्णन करण्यात अर्थ नाही.

रांगेत बसून कायद्याचं बोललो. आपल्याकडं नियम नाही असं नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्यानं दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, पाच तासांनी किमान अर्धा तास विसावा आणि आठवड्यात एक दिवस सुट्टी असं लिहून ठेवलं. तो लागू होता पाच किंवा जास्त कामगार असलेल्या व्यवसायांना. पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ९१ व्या कलमानं तेच तास मालवाहू गाडी चालवणाऱ्या सगळ्यांना लावले. पुढं २०२० च्या कामगार संहितेत तो जुना कायदा सामावून घेतला गेला. सप्टेंबर २०२१ मध्ये नितीन गडकरींनी वैमानिकांसारखे ट्रकचालकांचेही तास ठरवावेत असं म्हटलं होतं. कागदाला तोटा नाही. ते तास मोजणार कोण, एवढंच राहिलंय.

मोजणारी साधनं तर आहेत. आमच्या गाडीत मालकानं जीपीएस बसवलंय. गाडी अर्धा तास थांबली की त्याच्या फोनवर घंटी वाजते आणि त्याचा फोन ड्रायव्हरला. पुण्याच्या खेपेला किणी, तासवडे, आनेवाडी, खेड-शिवापूर, प्रत्येक टोलला फास्टॅगचा संदेश मिनिटासकट मालकाला. कॅमेरे वेग टिपतात, बाजार आवक लिहितो. गाडी कधी हलली ते सगळ्यांना ठाऊक. माणूस कधी झोपला ते या सगळ्यांत एकालाही ठाऊक नाही, आणि थांबलेली गाडी दिसली की प्रश्न एकच: का थांबलास?

रात्री पोलादपूरच्या अलीकडं त्याला पेंग येऊ लागली. त्यानं गाडी धाब्याच्या अंगणात घातली, इंजिन बंद केलं. अर्ध्या तासानं फोन वाजलाच. क्लीनरनं तो उचलला, “गाडी गरम झाली,” एवढं बोलून ठेवून दिला. आम्ही अडीच तास झोपलो.

मंगळवार. कणकवली, देवगड

सकाळी कणकवलीत माल उतरवून अकराच्या सुमारास देवगडात. पुढची खेप फोंडा घाटानं पुण्याची, गुलटेकडीला. मालकाचा निरोप तयारच होता, चारला जामसंड्यात गाडी लाव.

ड्रायव्हरनं फोन केला. मावसभावानं त्याला त्या डबीतली दुसरी फट कशाला असते ते सांगितलं होतं: जोडीदाराच्या कार्डासाठी. “दुसरो ड्रायव्हर देतलात तर जातंय, नायतर परवा,” तो म्हणाला. पलीकडून बराच वेळ भाड्याचा हिशेब चालला. दुसऱ्या माणसाचा भत्ता कोण देणार, बागायतदार की दलाल की गाडीवाला? शेवटी मालक म्हणाला, बघतो.

“बघतो म्हणजे नाय,” ड्रायव्हरनं मला सांगितलं आणि घरी झोपायला गेला. तीनला मालकाचा परत फोन आला. दुसरा ड्रायव्हर मिळाला होता, शिरगावचा, पण भत्ता दोघांत अर्धा-अर्धा.